टोरांटोच्या नव्या स्ट्रीटकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना उजाडला की टोरांटोतल्या मराठी घरांत कुणाचे ना कुणाचे आईवडील येऊन दाखल होतात. जेटलॅग उतरायच्या आत पहिला प्रश्न येतो, "ती लांबलचक लाल गाडी दिसते ना, तिच्यात मला चढता येईल का रे?" उत्तर एका शब्दाचं आहे : येईल. पण तो शब्द खरा व्हायला या शहराला २००९ पासून २०२० उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात जे झालं त्याबद्दल लोक मला इतक्यांदा विचारतात की एकदाचं सगळं लिहून काढलं.

ही ट्राम आहे की आणखी काही?

ट्रामच. इथे तिला स्ट्रीटकार म्हणतात, एवढाच फरक. ज्यांच्या आजोबांनी मुंबईची ट्राम पाहिली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची फेरी होऊन विषय संपला.

टोरांटोतही तो संपतच आला होता. १९६६ साली इथल्या टीटीसीने, म्हणजे आपल्याकडच्या बेस्टसारख्या संस्थेने, १९८० पर्यंत सगळ्या स्ट्रीटकार बंद करायचं ठरवलं. मग नागरिकांनी उचल खाल्ली, आणि १९७२ साली तो निर्णय फिरवला गेला. ट्राम राहिली, म्हणून जुन्या झाल्यावर नव्या गाड्या घ्यायची वेळ आली. आज उत्तर अमेरिकेत ट्रामचं एवढं मोठं जाळं दुसऱ्या कुठल्या शहरात नाही.

जुन्या गाड्यांत अडत काय होतं?

पायऱ्या. सीएलआरव्ही नावाच्या त्या गाड्या १९७९ साली रस्त्यावर आल्या. एकूण १९६ होत्या. त्यांच्या जोडीला १९८० च्या दशकाअखेरीस दोन डबे जोडलेल्या लांब गाड्या आल्या, त्या ५२. दणकट गाड्या, थंडीलाही पुरून उरल्या, पण त्यांचा मजला रस्त्यापासून बराच उंच. दार उघडलं की समोर उंच, अरुंद पायऱ्या, आणि त्याही मधोमध रस्त्यात.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा याच गाड्या होत्या. तिची चढायची एक रीत ठरलेली. आधी पर्स माझ्याकडे. मग डावा हात दांडीला, उजवा पाय पहिल्या पायरीवर, डावा पाय त्याच पायरीवर आणून जोडायचा, एक श्वास, पुढची पायरी. मागे रांगेतले लोक गप्प उभे. वर पोचल्यावर "आले बाई एकदाची" असं ती चालकाकडे बघून मराठीतच म्हणायची आणि तो मान डोलवायचा.

ती निदान चढायची तरी. व्हीलचेअरवरच्या माणसाला या गाडीत शिरायला मार्गच नव्हता. लिफ्ट नाही, रॅम्प नाही. तीस-पस्तीस वर्षं शहराच्या सगळ्यात गजबजलेल्या रस्त्यांवरून ही गाडी त्याच्या समोरून निघून जात होती. ओंटारियो प्रांताने २००५ साली कायदा करून २०२५ पर्यंत सगळं सुगम करायचं लक्ष्य ठरवलं, तेव्हा हा प्रश्न 'बघू पुढे' या खात्यातून बाहेर आला.

युरोपात खालच्या मजल्याच्या ट्राम केव्हाच्या आहेत. त्यातलीच एक का नाही उचलून आणली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं.

कारण टोरांटोचे रूळ कुणाशीच जुळत नाहीत. जगभर रुळांमधलं सर्वसाधारण अंतर १,४३५ मिलिमीटर. टोरांटोत ते १,४९५. हे साठ मिलिमीटर एकोणिसाव्या शतकातल्या घोड्यांच्या ट्रामपासून चालत आले आहेत. त्या काळी चिखलाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या घोडागाड्यांनाही रुळांच्या कडेवरून चाकं नेता यावीत असा हिशेब होता. आगगाडीच्या कंपन्यांनी आपले डबे गावात घुसवू नयेत म्हणून हे केलं, असंही सांगतात. कारण कुठलंही असो, आजची गाडी त्या घोडागाडीच्या मापाने बेतावी लागते.

दुसरी अडचण वळणांची. शहराच्या चौकांत रूळ इतके चटकन काटकोनात वळतात की सगळ्यात घट्ट वळणाची त्रिज्या जेमतेम अकरा मीटर भरते. त्यात काही चढ आठ टक्क्यांचे. आणि रूळ जिथे फुटतात त्या सांध्यांना दोन्हींऐवजी एकाच बाजूला जीभ, म्हणजे गाडी वळवायचं काम एकाच रुळावरच्या पात्यावर.

आता मजला खाली आणला की नेमकं इथेच बिनसतं. उंच गाडीत मजल्याखाली भरपूर जागा असते, चाकांचा गाडा खालच्या खाली मोकळा फिरतो. मजला खाली आणला की चाकांना हलायला जागाच उरत नाही. मग गाडीचेच तुकडे करायचे आणि तुकडेच एकमेकांशी वळू द्यायचे. टोरांटोची गाडी ३०.२ मीटर लांब आणि पाच तुकड्यांची आहे. पहिला, तिसरा आणि पाचवा तुकडा चाकांवर. दुसरा आणि चौथा शेजाऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून लटकलेला. किंग स्ट्रीटच्या एखाद्या चौकात ती वळताना फूटपाथवरून पाहा. अळी पानाच्या कडेवरून वळते ना, तशी दिसते.

कंत्राट कुणाला मिळालं आणि किती पैसे लागले?

पहिल्या फेरीत कुणालाच नाही. २००८ साली आलेल्या दोन्ही निविदा टीटीसीने नाकारल्या. बॉम्बार्डिए या कॅनडाच्या कंपनीने देऊ केलेली गाडी घट्ट वळणांवर रुळावरून घसरेल, असं टीटीसीचं म्हणणं होतं. कंपनीला ते मान्य नव्हतं.

२००९ साली पुन्हा निविदा आल्या. जर्मनीच्या सीमेन्सची बोली बॉम्बार्डिएपेक्षा कितीतरी महाग निघाली आणि काम बॉम्बार्डिएला गेलं : २०४ गाड्या, सुमारे ८५ कोटी कॅनेडियन डॉलर. म्हणजे एक गाडी ४० लाखांच्या वर. कर आणि बाकीचा खर्च धरून आकडा १२० कोटींच्या पुढे जात होता.

वाटणीचं नाट्य वेगळंच. शहराचं म्हणणं, एक तृतीयांश आम्ही, एक तृतीयांश प्रांत, एक तृतीयांश केंद्र. प्रांताने आपले ४१.६ कोटी देऊ केले. केंद्राने मंदीतल्या मदतीच्या योजनेतून पैसे द्यायला नकार दिला. ती रक्कम दोन वर्षांत खर्च होणाऱ्या कामांसाठी होती आणि गाड्या तर त्यानंतर कितीतरी वर्षं येत राहणार होत्या. शेवटी जून २००९ मध्ये महापालिकेने तो भार आपल्याच अंगावर घेतला.

करारात निदान २५ टक्के काम कॅनडात व्हावं अशी अट होती. ओंटारियोतल्या थंडर बे गावात या गाड्यांची अंतिम जोडणी होणार होती. या अटीवर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मला स्वतःला ती गैर वाटत नाही. करदात्याच्या पैशाने गावात चार माणसांना काम मिळत असेल तर मिळावं. पुढे जे झालं त्याचा दोष या अटीवर ढकलणारे मला पटले नाहीत.

मग एवढा उशीर का झाला?

उशीर झाला हे सौम्य झालं. २०१५ च्या अखेरीस ७३ गाड्या हाती असायला हव्या होत्या. आल्या पंधराच्या आसपास.

सांगाडे आणि बाजूच्या भिंती मेक्सिकोतल्या साहागुनच्या कारखान्यात बनत आणि थंडर बेला येऊन जोडल्या जात. जोडायला घेतल्यावर कळे की भाग एकमेकांत बसतच नाहीत. शिंप्याने बाह्या एका मापाच्या आणि अंग दुसऱ्या मापाचं शिवावं तशी गत. त्यात २०१४ च्या उन्हाळ्यात थंडर बेच्या कामगारांचा संप झाला. २०१५ साली टीटीसीच्या मंडळाने भरपाईसाठी कंपनीवर दावा लावायचं ठरवलं, किमान पाच कोटी डॉलरचा. पुढे कंपनीने ओंटारियोतल्याच किंग्स्टनला जोडणीची दुसरी रांग उघडली, मग कुठे वेग आला. मूळ मागणीतली शेवटची गाडी, क्रमांक ४६०३, जानेवारी २०२० मध्ये पोचली.

या काळाची किंमत कुणी मोजली? थांब्यावरच्या माणसाने. जुन्या गाड्या मोडायला आल्या होत्या, त्यांनाच ठोकून-ठाकून चालवलं गेलं, काही मार्गांवर ट्रामच्या जागी बस धावल्या. आणि व्हीलचेअरवाल्याला तर नवी गाडी येईल तेव्हाच चढता येणार होतं, त्यामुळे त्याची वाट इतरांच्या वाटेपेक्षा लांब होती.

ते वेल्डिंगचं काय प्रकरण होतं? गाड्या सुरक्षित आहेत ना?

आहेत. २०१८ साली कळलं की पहिल्या ६७ गाड्यांच्या वेल्डिंगमध्ये खोट आहे. लगेच धोका नव्हता, पण दुरुस्ती न करता तशाच ठेवल्या असत्या तर त्यांचं आयुष्य घटलं असतं. म्हणून त्या आळीपाळीने क्वेबेकमधल्या ला पोकातिएरच्या कारखान्यात पाठवून दुरुस्त करून घेतल्या.

रॅम्प नेमका कसा वापरायचा?

पुढून दुसरं दार बघा. गाडीला चार दारं आहेत : पहिलं आणि शेवटचं एका झडपेचं, मधली दोन रुंद. दुसऱ्या दाराशी निळे दिवे आणि व्हीलचेअरचं चिन्ह आहे. रॅम्प त्याच दारात असतो, दुसरीकडे नाही. वर सांगितलेल्या लटकत्या तुकड्यात हे दार येतं. खाली चाकं नसल्यामुळे तिथे मजला सपाट आणि मोकळा ठेवता आला.

थांब्यावर त्या दारासमोर उभं राहायचं, चालकाला हात करायचा आणि निळं बटण दाबायचं. बाकी काम चालकाचं. फलाट असेल तर रॅम्प थोडाच बाहेर येतो. फलाट नसेल, म्हणजे सरळ रस्त्यावरून चढायचं असेल, तर तो लांब होऊन डांबरापर्यंत उतरतो. वेळ लागतो. लागू द्या. गाडी तुमच्यासाठीच थांबलेली असते आणि आत बसलेल्या मंडळींना त्याची सवय आहे. आत गेल्यावर व्हीलचेअरच्या दोन जागा जवळच आहेत. उतरायच्या आधी आतलं निळं बटण दाबायला विसरू नका. साधं थांब्याचं बटण दाबलं तर चालकाला रॅम्प लागणार हे कळत नाही.

याच रॅम्पची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये हिलक्रेस्टच्या कार्यशाळेत गाडीच्या पुढच्या भागाची खऱ्या मापाची प्रतिकृती लोकांना बघायला ठेवली होती. अपंग प्रवाशांची एक सल्लागार समिती टीटीसीकडे आहे. रस्त्यावरून चढताना रॅम्पचा उतार फार उभा होतो, हे त्यांनी दाखवून दिलं आणि तो बदलून घ्यायला लावला. कागदावर नियमात बसणारा उतार खुर्चीत बसून चढायला किती जड जातो, हे खुर्चीत बसणाराच सांगू शकतो.

फक्त व्हीलचेअर असेल तरच रॅम्प मागता येतो का?

नाही. वॉकर असेल, गुडघे बदललेले असतील, जड बाबागाडी असेल, तरी मागा. तब्येतीचा दाखला कुणी विचारत नाही. आमच्या मराठी मंडळींना मागायचा संकोच फार, "कशाला उगीच त्रास त्याला" हे ठरलेलं वाक्य. त्रास कसला? शहराने पैसे मोजलेत ते यासाठीच.

बहुतेक ज्येष्ठांना मात्र रॅम्प लागणारच नाही. फलाटावरून पाऊल टाकलं की आत. रस्त्यावरून एकच पायरीएवढी उंची चढायची. एक मात्र सांगून ठेवतो : काही सीटा चाकांच्या वर आहेत, त्या उंच आहेत आणि त्यांतल्या काही उलट्या तोंडाच्या. गाडी सुटायच्या आत मधल्या तुकड्यांतली खालची सीट धरा.

तिकीट कुठे काढायचं? कंडक्टर दिसत नाही.

कंडक्टर नाहीच. प्रत्येक दाराशी यंत्र आहे, त्याला प्रेस्टो, म्हणजे इथलं प्रवासाचं कार्ड, किंवा बँकेचं कार्ड टेकवायचं. कुठल्याही दाराने चढता येतं. एकदा भाडं भरलं की दोन तास बस, मेट्रो, स्ट्रीटकार कशानेही हिंडा, मागे फिरा, पुन्हा या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना भाडं नाही. अपंग प्रवाशाला सोबत लागत असेल तर टीटीसीकडून सोबत्याचं कार्ड काढता येतं, मग सोबत्याला वेगळं भाडं पडत नाही. तपासनीस अधूनमधून येतात, कार्ड टेकवल्याशिवाय बसू नका.

रस्त्याच्या मधोमध उतरायचं, गाड्या अंगावर येतील की!

ही भीती खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. गाडी कितीही सुगम असो, तिच्या आणि फूटपाथच्या मध्ये मोटारींची एक रांग असेल तर निम्मं काम बाकी आहे.

कायदा असा : स्ट्रीटकारची दारं उघडी असताना मागून येणाऱ्या मोटारीने मागच्या दारापासून दोन मीटर अलीकडे थांबलंच पाहिजे. बहुतेक थांबतात. एखादा घुसतो. म्हणून उतरण्याआधी दारात क्षणभर थांबून उजवीकडे मागे बघायचं, मग पाय खाली. आईला मी हे पहिल्या दिवशी शिकवतो, आणि तिने ते माझ्या बाबांना शिकवलंय, जरा जास्तच कडक शब्दांत.

स्पॅडाइना, हार्बरफ्रंट आणि सेंट क्लेअरच्या मार्गांवर हा प्रश्न जवळजवळ येत नाही, कारण तिथे ट्रामची स्वतःची वाट आहे आणि थांब्याला फलाट आहे. रॉन्सेस्व्हॅलीस रस्त्यावर तर फूटपाथच पुढे काढून रुळांना भिडवलाय. नवख्या ज्येष्ठांना पहिली फेरी ५१० स्पॅडाइनावर घडवा. नवी गाडी प्रवाशांसाठी पहिल्यांदा धावली तीही याच मार्गावर, ३१ ऑगस्ट २०१४ रोजी.

बर्फात रॅम्प चालतो का?

चालतो, पण थांब्याशी बर्फाचा ढीग असेल तर रॅम्पला टेकायला जागा नसते. अशा दिवशी फलाट असलेला थांबा गाठलेला बरा. किंवा व्हील-ट्रान्सची गाडी आधी बोलवून ठेवावी. ती दारापाशी येणारी सेवा आहे, पण त्यासाठी आधी अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो.

गाड्या मोठ्या झाल्या, पण वाट जास्त बघावी लागते. असं का?

तुम्हाला बरोबर वाटतंय. जुन्या लहान गाडीत ४६ सीटा होत्या, नवीत ७०. टीटीसी फेऱ्या ठरवताना जुन्या गाडीत ७४ माणसं धरायची, नवीत १३० धरते. त्यामुळे जिथे आधी तीन गाड्या लागायच्या तिथे दोन पुरतात, असा हिशेब मांडला जातो. माणसं तेवढीच जातात, पण दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं. शिवाय जुन्या दोन्ही जातींच्या मिळून २४८ गाड्यांच्या जागी नव्या २०४ आल्या. उभं राहणं कठीण जाणाऱ्या माणसाला थांब्यावरची जादाची पाच मिनिटं म्हणजे गाडीची एक पायरीच की. ती पायरी अजून काढलेली नाही.

आणखी गाड्या येणार होत्या ना?

हो. २०२१ साली आणखी ६० गाड्यांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी बॉम्बार्डिएचा रेल्वेचा व्यवसाय फ्रान्सच्या आल्स्टॉमने विकत घेतला होता, त्यामुळे नाव बदललं, कारखाना थंडर बेचाच. या वेळी केंद्र सरकारनेही वाटा उचलला. पहिली गाडी २०२३ मध्ये आली. दोन्ही मागण्या मिळून २६४ होतात.

एग्लिंटन रस्त्याच्या लाइट रेल मार्गावरची गाडी याच जातीची का?

दिसते सारखी, पण नाही. ती नेहमीच्या मापाच्या रुळांवर चालते आणि तिला दोन्ही टोकांना चालकाची केबिन आहे. रस्त्यावरच्या लाल गाडीला एकाच टोकाला केबिन आणि एकाच बाजूला दारं, म्हणून तिला मार्गाच्या शेवटी गोल फिरून यावं लागतं. दोघींचे रूळ एकमेकींना चालत नाहीत.

डोक्यावरचा तो दांडा बदलला का?

बदलला. पूर्वी तारेवर एक लांब दांडा घासत जायचा, आता पँटोग्राफ आहे, आपल्या लोकलसारखा. नव्या गाड्या सुरुवातीला दोन्ही घेऊनच आल्या, कारण तारा बदलायचं काम वर्षानुवर्षं चाललं. पँटोग्राफने पहिली फेरी २०१७ साली हार्बरफ्रंटवर झाली.

जुन्या गाड्या गेल्या कुठे?

बऱ्याचशा भंगारात. शेवटच्या २९ डिसेंबर २०१९ रोजी क्वीन स्ट्रीटवर धावल्या, लोक थंडीत रांगा लावून बसायला आले होते. काही जतन केल्या आहेत. टोरांटोच्या पश्चिमेला हॉल्टन काउंटीच्या ट्राम संग्रहालयात उन्हाळ्यात बघायला मिळतात. गेल्या खेपेला आईला घेऊन गेलो. ती लाल गाडीजवळ जाऊन उभी राहिली, दांडीला हात लावला, पायऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "तू चढ. मी इथूनच फोटो काढते."